कपाळावरची काजळी

१

“हितं धूर मोजायलेत. अन् धूर खायलाय कोण, ते कुणी इचारीना.”

हे माझ्यासाठी नव्हतं. पप्पू ते स्टिअरिंगला म्हणाला. मी त्याच्या खिडकीखाली वाकून इंजिनाला लावलेली वायर सोडवत होते, म्हणून माझ्या कानावर पडलं. पप्पू म्हणजे शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर. चाळिशीचा, पोटाने मोठा, तोंडाने त्याहून मोठा. तो कुरकुरतो तेव्हा मी ऐकत नाही. प्रत्येक ड्रायव्हरची कुरकुर ऐकत बसले तर दिवसाला बारा गाड्या होतात त्या चार होतील.

हुमनाबादच्या बायपासला, पेट्रोल पंपाच्या कडेला माझी निळ्या पत्र्याची खोली आहे. गाडीच्या धुराचं सर्टिफिकेट तिथे मिळतं. मशीन नवऱ्याने आणलं. चार महिन्यांत त्याला कंटाळा आला. आता तो गुलबर्ग्याला फरशा विकतो आणि फोनवरून मला माझा धंदा शिकवतो. मशीनचं इंग्रजी पुस्तक मी मांडीवर शब्दकोश ठेवून वाचलं, त्याला दोन वर्षं लागली. तेव्हापासून ट्रकवाल्यापासून फौजदारापर्यंत सगळे मला महानंदाक्का म्हणतात, आणि सगळे एकच वाक्य बोलतात, “जरा ॲडजस्ट करा की अक्का.”

मी करत नाही. म्हणजे, करत नाही असं मी त्या दिवसापर्यंत समजत होते.

मशीनची नळी घालण्याआधी मी सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवते. पुस्तकात हे नाही, माझी सवय आहे. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर एक डबा असतो, त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट. ती काजळी अडवते. गाडी मोठ्या रस्त्याला अर्धा तास सलग पळाली की वीट तापते आणि अडकलेली काजळी जळून जाते. हा फिल्टर धड असेल तर सायलेन्सरमधून बोट जसं गेलं तसं कोरं बाहेर येतं. जूनमध्ये याच व्हॅनमधून बोट कोरं निघालं होतं. मशीनने शून्य पॉइंट शून्य दोन दाखवलं होतं.

आज बोट काळं निघालं. मशीन म्हणालं, शून्य पॉइंट अठ्ठावन्न. कायद्याची हद्द शून्य पॉइंट सात. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, पास.

मागे चार गाड्या हॉर्न देत होत्या. सर्व्हर सकाळपासून तीनदा बसला होता आणि आता कुठे उठला होता. मी बोट फडक्याला पुसलं आणि कागद पप्पूच्या हातात दिला.

सहाव्या दिवशी त्याच व्हॅनमध्ये माउलीचा श्वास अडकला.

२

माउली सहा वर्षांचा. त्याची आई अंबिका बस स्टँडमागे ब्लाऊज शिवते. पोराला गुलबर्ग्याच्या दवाखान्यात तीन दिवस ऑक्सिजनच्या नळीवर ठेवलं. तो वाचला, घरी आला, पण गावात जे उठायचं ते उठलं. शाळेने कंपनीचा मेकॅनिक बोलावला. त्याने गाडीखाली सरकून फिल्टरच्या डब्यावर पाना मारला. डबा घागरीसारखा वाजला. कापून बघितलं तर आत वीट नव्हती. कुणीतरी डबा उघडून ती काढली होती आणि वरून वेल्डिंग करून टाकलं होतं.

त्या गुरुवारी दुपारी प्रेरणा माझ्या खोलीत आली. माझ्या शेजारी ज्याचं गॅरेज आहे त्या राजपालची ही बायको. सरकारी शाळेत शिकवते, आवाज कधी चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही, फक्त छत्री मिटवायची विसरली.

“अक्का, अंकुशराव म्हणायलेत, फिल्टर आमच्या ह्यांनी काढून इकलं.”

अंकुशराव व्हॅनचा मालक. शाळेला चार गाड्या लावल्या आहेत, शिवाय तुरीचा व्यापार.

“कवा काढलं म्हणायलेत?”

“दिवाळीनंतर. क्लचच्या कामाला दोन दिवस गाडी आमच्याकडं होती, तवाच म्हणे. त्या विटेत प्लॅटिनम असतंय, म्हणून चोरली म्हणे. सोमवारी सकाळी वाड्यावर बैठक लावलीय. तितं कबूल करा, न्हाईतर पोलिसात देतो म्हणले.”

“राजपाल काय म्हणायलाय?”

“काय म्हणतेत. पाने पुसायलेत सकाळपासून. एकच पाना. अक्का, नाव एकदा ठाण्यात गेलं की कोण आणंल आमच्याकडं गाडी? आत्ताच काहीजण गाडी दुरुस्त करून नेतेत अन् पाणी मात्र पंपावर जाऊन पितेत. त्यांना निमित्तच पाहिजे.”

मी तिच्याकडे स्टूल सरकवलं. ती बसली नाही.

“अन् अजून एक म्हणायलेत,” प्रेरणा छत्रीकडे बघत म्हणाली. “फिल्टर नसलेली गाडी पास झालीच कशी? म्हणायलेत, महानंदाक्का अन् राजपाल मिळून हायेत.”

३

माझं डोकं उठलं. चोरीचा संशय आला त्याचं एवढं नाही. पण मशीन मी सोळा वर्षं पुसून ठेवते, माझ्या चुलीपेक्षा स्वच्छ, आणि त्याच मशीनच्या हिरव्या अक्षरांनी माझा घात केला.

कुणाला सांगावं, की फिल्टर नसला तरी नवं इंजिन हद्दीच्या आत राहू शकतं? पास म्हणजे फिल्टर आहे असं नव्हे. पास म्हणजे फक्त पास. जूनमध्ये शून्य दोन आणि आता अठ्ठावन्न, यातून एवढंच कळत होतं की वीट मधल्या पाच महिन्यांत कधीतरी गेली. राजपालचे दोन दिवसही त्यातच येत होते.

प्रेरणाने शाळेच्या मैदानात जाऊन डब्याचा फोटो काढून आणला होता. तो घेऊन मी श्रीमंतकडे गेले. श्रीमंत भंगारवाला. नाव श्रीमंत, बसतो फाटक्या टायरवर. त्याला काहीही विचारा, तो तराजूकडे बघूनच उत्तर देतो.

“वीट तुज्याकडं आली का?”

“न्हाई.”

“खरं?”

“अक्का, आली असती तर मी हितं बसलो असतो का? हैदराबादचे लोक हातोहात नेतेत ती.” त्याने तराजूत एक पत्रा टाकला. “कुणाची गाडी?”

मी फोटो पुढे केला. त्याने पहिल्यांदाच तराजूवरून नजर काढली. फोटो मोठा केला, आडवा केला, परत उभा केला.

“हे राजपालचं वेल्डिंग न्हाई.”

“कशावरून?”

“राजपालचं कांडीचं वेल्डिंग म्हणजे पुरणपोळी फुटल्यागत. मजबूत असतंय, पण गुठळ्या गुठळ्या. हे बघ, माशाच्या खवल्यावानी एकावर एक. हे आर्गन गॅसच्या मशीनचं काम. हुमनाबादेत ते मशीन कुणाकडंच न्हाई.”

“मग कुठं हाय?”

“कोळारला. बीदरच्या कारखान्यांत.” तो परत तराजूकडे वळला. “पण आनंदून जाऊ नको. राजपालला कोळारचा रस्ता ठाऊक न्हाई, असं कोण म्हणंल?”

मला तेच आवडत नाही श्रीमंतचं. एक दार उघडतो आणि त्याच पायाने लावून घेतो.

४

पप्पू गाडी धूत होता, शाळेची नाही, अंकुशरावांची दुसरी. मला बघून त्याने पाइप माझ्याकडे वळवल्यासारखं केलं आणि आवरला.

“अक्का, मला काय ठाऊक न्हाई.”

“मी इचारलंच न्हाई अजून.”

“तरीबी.”

मी बादली पालथी घालून बसले. बसलेल्या बाईला हाकलणं उभ्या बाईपेक्षा अवघड असतं. “शनिवारी तू ती व्हॅन घेऊन टोलनाक्यापर्यंत जायचास. आता कामून जात न्हाईस?”

तो चिडला. मला तेच हवं होतं.

“जायचो. शाळंची गाडी गावात थांबत थांबत चालती. दर चार घराला ब्रेक. तिचं फिल्टर भरतंय, मग लाल दिवा लागतोय. कंपनीवाल्यानंच सांगितलं होतं, आठवड्याला एकदा मोठ्या रस्त्याला पळवून आण, आतली काजळी जळती. मी पळवून आणायचो. तर मालक म्हणले, पप्पू डिझेल चोरायलाय. रिकामी गाडी घेऊन कुठं फिरायलाय? जीपीएस बसवलं. शनिवार बंद.”

“कवा?”

“पोळ्याच्या आसपास.”

“मग दिवा लागला आसंल.”

“लागला की, अन् गाडी बैलासारखी चालायली. चढावर तर पोरं म्हणायची, काका, आम्ही उतरून ढकलू का.” त्याला हसू आलं, ते त्याने पाण्यात सोडून दिलं.

“अन् मग दिवा गेला.”

पाइपमधलं पाणी त्याच्या चपलेवर पडत राहिलं.

“गेला.”

“कवा गेला, पप्पू?”

“मला दोन पोरी हायेत अक्का,” तो म्हणाला, आणि नळ बंद करायला गेला. नळ दहा पावलांवर होता. तो गेला तो परत आलाच नाही.

५

अंबिकाकडे मी माउलीला बघायला म्हणून गेले आणि खरंच बघायलाच गेले होते, हे आधी सांगते. पोरगं खाटेवर बसून निळा पंप हातात फिरवत होतं. दवाखान्याने दिलेला, तोंडात धरून ओढायचा.

“आजी, ह्याचा आवाज बघा,” म्हणून त्याने तो दाबला. औषध हवेत उडालं. अंबिकाने कपाळाला हात लावला. “ह्याला खेळणंच वाटायलंय.”

“व्हॅनमधी कुठं बसतोस रे तू?”

“पुढं. पप्पूकाकाच्या शेजारी.”

“आधीपासून?”

“न्हाई. आधी मागं, शेवटच्या शिटवर. तितं उड्या बसतेत.” त्याला त्या उड्यांची अजून हळहळ होती. “दसऱ्याच्या सुट्टीनंतर काका म्हणले, तू पुढं बस. मागचं रबर फाटलंय, धूर येतोय, तुला खोकला हाय.”

अंबिका सुई थांबवून बघत राहिली. “मला वाटलं लाडानं बसवलाय.”

मला पप्पूची ती कुरकुर आठवली. धूर खायलाय कोण. तो स्टिअरिंगशी बोलत नव्हता तर. तो माझ्याशीच बोलत होता, फक्त माझ्याकडे बघून बोलायची हिंमत नव्हती. आणि मी वायर सोडवत होते.

दसऱ्याची सुट्टी म्हणजे दिवाळीच्या आधी, आणि राजपालकडे गाडी आली दिवाळीनंतर. धूर आधी आला, गॅरेज नंतर आलं. पण हे मी कुणाला सांगणार, सहा वर्षांच्या पोराच्या शब्दावर? अंकुशराव म्हणाले असते, पोराला दसरा काय अन् दिवाळी काय.

“सुट्टीच्या आधीचा गाडीचा काही फोटो हाय का गं?”

अंबिकाने फोनात शाळेच्या ग्रुपमध्ये खाली खाली जात एक फोटो काढला. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची, खंडेनवमीची पूजा. व्हॅन झेंडूने मढवलेली. पुढे अंकुशराव, पांढऱ्या शुभ्र कपड्यात, हात जोडून. बाजूला त्यांची बायको सुमनबाई, हातात ताट. खाली लिहिलं होतं, मुलांचा सुरक्षित प्रवास हीच आमची सेवा.

मी गाडी बघत होते. गाडीत काहीच दिसत नव्हतं. फोन परत देता देता माझं लक्ष अंकुशरावांच्या कपाळावर गेलं. कुंकवाचा मोठा टिळा, आणि त्याच्या खालच्या कडेला काळं.

“बुक्का लावलाय,” अंबिका म्हणाली.

“दिसतंय तसं,” मी म्हणाले. घरी येईपर्यंत चौकात दोनदा चुकीच्या बाजूने वळले.

६

सुमनबाई माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या. रविवारी सकाळी मी गेले तेव्हा तुळशीपाशी रांगोळी घालत होत्या. घरात मालक नव्हते, ते मला ठाऊक होतं; रविवारी ते आळंदच्या बाजारात असतात.

चहा झाला. सुनेची तक्रार झाली, ती थोडक्यात. मग मी म्हणाले, “माझं मशीन नव्यानं बसवायलेय. पूजा करायची हाय. गाड्यांची पूजा तुम्ही लई मनापासून करताव म्हणून इचारते, हळदकुंकू कुठंकुठं लावायचं?”

त्यांना बरं वाटलं. अशा प्रश्नाने कुणालाही वाटतं.

“सगळ्याला लावायचं बघा. टपाला, काचंला, स्टिअरिंगला, चारी चाकाला. माज्या सासूनं शिकवलेलं. शेवटी धुराच्या नळीला. लोक तिला इसरतेत. तिलाबी तोंड हाय की. अन् आतून लावते मी, भायेरचं पुसून जातंय. मग त्याच बोटानं घरधन्याला. गाडीची अन् मालकाची पूजा एकाच बोटानं झाली पाहिजे, मधी हात धुवायचा न्हाई.”

“अन् बुक्का?”

“बुक्का कशाला? आमच्यात माळकरी कुणीच न्हाई. घरात बुक्का शोधून सापडायचा न्हाई तुम्हाला.”

बोलून झालं आणि त्यांचा हात रांगोळीच्या वाटीत तसाच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“कामून इचारायलाव, महानंदाक्का?”

“सांगितलं की. पूजा हाय.”

मी उठले. त्या दारापर्यंत आल्या नाहीत. एरवी फाटकापर्यंत येतात.

७

सोमवारी सकाळी अंकुशरावांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. राजपालला कुणी खुर्ची दिली नव्हती, म्हणून प्रेरणाही बसली नाही, आणि मग मीही बसले नाही. श्रीमंत तुळशीच्या कट्ट्याला टेकला. अंबिका माउलीला घरी ठेवून आली होती. पप्पू फाटकाशी होता. आत यावं की पळावं हे त्याचं अजून ठरलं नव्हतं.

“राजपाल,” अंकुशराव म्हणाले, “मी काय वाईट माणूस न्हाई. दवाखान्यात नारळ-फळं घेऊन मीच गेलो होतो. तू एकदा म्हण, काढलं. मी ठाण्यापर्यंत नेत न्हाई.”

“मी काढलं न्हाई, मालक.”

“मग कुणी काढलं?”

राजपालने त्या दोन दिवसांचा हिशोब तोंडानेच सांगितला. क्लच उतरवला, बसवला, फिल्टरच्या बाजूला हातही गेला नाही. कुणी ऐकत नव्हतं. ऐकायला आलेच नव्हते. म्हणून मी बोलले.

“आधी माझं सांगते. मागल्या महिन्यात ही व्हॅन माझ्याकडं आली तवा धुराच्या नळीत बोट घातलं, बोट काळं झालं. जूनला झालं नव्हतं. मशीन पास म्हणलं, मीबी पास म्हणले. बोट फडक्याला पुसलं अन् कागद दिला. मी इचारायला पाहिजे होतं, इचारलं न्हाई. ती माजी चूक हाय, अन् ती मी कुठंबी लिहून देते.”

अंकुशरावांचा चेहरा सैल झाला. “बघा. म्हणजे हिलाबी ठाऊक होतं.”

“थांबा जरा.” मी पिशवीतून पांढरा रुमाल काढला. अंगणात त्यांची दुसरी व्हॅन उभी होती, त्याच कंपनीची, त्याच वर्षाची. ती बीदरची खेप करते, रोज मोठ्या रस्त्याने पळते. तिच्या नळीत मी रुमाल आतून गोल फिरवला आणि सगळ्यांसमोर धरला. रुमाल पांढरा होता.

“फिल्टर असलं की असं निघतंय.”

“मग?”

“मग डब्याचं वेल्डिंग आर्गनचं हाय. श्रीमंत, सांग.”

श्रीमंतला इथे तराजू नव्हता, त्यामुळे त्याची पंचाईत झाली. “खवल्याचं काम हाय,” तो आपल्या नखांना म्हणाला. “कोळारचं.”

“राजपालनं नेली आसंल कोळारला,” अंकुशराव म्हणाले. “दोन दिवस होती त्याच्याकडं.”

“गाडीत जीपीएस तुम्हीच बसवलाव. बघा की, त्या दोन दिवसांत गेली का.”

“ते महिन्याच्या वर राहत न्हाई. पुसलं गेलं.”

ते बरोबर होतं, मी कंपनीला फोन करून विचारलं होतं. पण ते त्यांनी इतक्या पटकन सांगितलं, की प्रेरणाने पहिल्यांदा मान वर केली.

“ठीक,” मी म्हणाले. “पोळ्याला शनिवारचं पळवणं बंद झालं. लाल दिवा लागला. गाडी चढावर रडायली. मग एक दिवस दिवा गेला. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पप्पूनं माउलीला मागून पुढं आणून बसवलं, कारण मागं धूर येत होता. दिवाळी त्याच्या नंतर. राजपाल दिवाळीच्याबी नंतर.”

“पोराचं ऐकायलाव तुम्ही?” अंकुशराव हसले. “पप्पू, बसवलास का रं तू?”

पप्पूने फाटकाची कडी धरली.

मी फोन काढला, अंबिकाकडून मागवून घेतलेला फोटो मोठा केला आणि त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवला.

“खंडेनवमी. हे कपाळ तुमचं.”

सगळे वाकले. श्रीमंतसुद्धा कट्टा सोडून आला. लाल टिळा, आणि त्याच्या बुडाला काळी कोर.

“टिळा नळीला लावलेल्या बोटाचा हाय. त्या दिवशी नळी कोरी असती, तर टिळा नुसता लाल उठला असता. गाडी राजपालकडं जायच्या महिनाभर आधी नळी काळी होती. म्हणजे फिल्टर तवाच गेलं होतं. आता ते कुणी काढलं, ते मी सांगत न्हाई. मला ठाऊक न्हाई, अन् हितल्या काहीजणांना ठाऊक हाय.”

कुणी कुणाकडे बघेना. अंबिका तुळशीकडे बघत होती, श्रीमंत नखांकडे, पप्पू कडीकडे. मी सोळा वर्षं या लोकांत राहते. अंकुशरावांनी याला पोराच्या फीला मदत केलेली, त्याला जागा दिलेली, तिसऱ्याच्या लग्नात मांडव घातलेला. सगळ्यांच्या तोंडात एकच वाक्य होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने बोलावं. मला इतका वैताग आला, की रुमाल मी पिशवीत कोंबला.

“काळं म्हणजे काय एवढं,” अंकुशराव म्हणाले. आवाज खाली आला होता. “बुक्का असतोय तो. देवघरातला.”

स्वयंपाकघराच्या दारात सुमनबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, ते मला दिसलं नव्हतं. कप काठोकाठ भरलेले, त्यावर साय धरलेली.

“सांग की गं,” अंकुशराव बायकोला म्हणाले. “बुक्का होता का न्हाई.”

सुमनबाईंनी ट्रे खाली ठेवला. ठेवायला टीपॉय होता, पण त्यावर फोटो होता, म्हणून त्यांनी जमिनीवर ठेवला. पदर खांद्यावरून पुढे घेतला.

“बुक्का न्हाई आपल्या घरात.”

“सुमन.”

“सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तुम्ही गाडी कोळारला नेलाव. मी संगं होते, बहिणीकडं जायचं म्हणून. झाडाखाली बसून बघितलं मी, ती वीट भायेर काढली, पोत्यात घातली. तुम्ही म्हणलाव, सगळेच काढतेत.” त्या राजपालकडे वळल्या, पण त्याच्या तोंडाकडे बघणं त्यांना जमलं नाही, त्याच्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. “महानंदाक्का, पूजंच्या दिवशी माजं बोटबी काळं झालं होतं. तुम्ही फडक्याला पुसलाव, मी ह्यांच्या कपाळाला. तवाच कळलं होतं मला.”

अंकुशराव उठायला गेले आणि उठले नाहीत.

“राजपालचं नाव आता कुणी घ्यायचं न्हाई,” सुमनबाई म्हणाल्या. मग अंबिकासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि इतके दिवस आम्ही सगळे फिल्टर, फिल्टर करत ज्याच्या भोवतीने फिरत होतो ते त्यांनी सरळ तिला सांगितलं.

“तुजं लेकरू आमच्या धुरानं पडलं.”